चाखून मोजलेला मटार

तिचं नाव मी इथे लिहिणार नाही. लिहिलं तर कुणीतरी तिला हे वाचून दाखवेल आणि ती खूश होईल. तेवढंही सुख तिला माझ्याकडून मिळू नये असं मला अजून वाटतं.

आम्ही दोघी जबलपूरला आनुवंशशास्त्रात एम.एस्सी. करत होतो. शेवटच्या वर्षी ती आमच्या नेपियर टाउनच्या घरी राहायला आली. तिची आई आणि माझी आई लहानपणच्या मैत्रिणी. एकीचं सासर शहरात, दुसरीचं जवळच्या मझौली गावात. हॉस्टेलचं जेवण हिला सोसेना, म्हणून आईनं परस्पर बोलावून घेतलं आणि माझ्या खोलीत दुसरी कॉट टाकून झाल्यावर मला विचारलं, "काय गं, चालते न तुला?" मी चालतं म्हटलं. कॉट तर टाकून झाली होती.

ती आली ती भावाचा स्वेटर घालून, एक पिशवी आणि एक जाडजूड पाठ्यपुस्तक घेऊन. ते पुस्तक मी उघडलं तर सुरुवातीचा एक तृतीयांश हिस्सा गायब. मला वाटलं उंदरांनी खाल्लं.

"उंदीर नाही गं, मीच फाडलं," ती म्हणाली. "जे पान पाठ झालं ते ठेवून काय करायचं? उगाच ओझं."

ही तिची अभ्यासाची पद्धत. एक पान फाडून घ्यायचं, स्वेटरच्या खिशात घालायचं, ऑटोत, बसस्टॉपवर, आमच्या जिन्यात बसून वाचायचं आणि डोक्यात गेलं की टाकून द्यायचं. टाकून म्हणजे कुठेही. उत्परिवर्तनाचं एक पान मला माझ्या डब्यात पराठ्याखाली सापडलं, तेलानं पारदर्शक झालेलं. आईला ते कागद म्हणून सोयीचं वाटलं होतं. माझ्याकडे त्याच पुस्तकाची नवी कोरी प्रत होती, कव्हर घातलेली, चार रंगांच्या पेनांनी अधोरेखित केलेली. व्याख्या निळ्या, उदाहरणं हिरवी, परीक्षेत येऊन गेलेलं लाल. ती माझं पुस्तक बघून म्हणाली, "किती सुंदर आहे गं! पायजे तर फ्रेम कर." तिला खरंच सुंदर वाटलं होतं, हेच तर वाईट. टोमणा मारला असता तर मला उत्तर देता आलं असतं.

मी जळत होते. हे आताच सांगून टाकलेलं बरं, म्हणजे पुढचं वाचताना कुणाला मी चांगली वाटायला नको. पहिल्या सत्रापासून वर्गात पहिली मी येत होते, ती कधी तिसरी, कधी पाचवी. तरी जळत मीच होते.

आईचंच बघा. मी शाळेपासून विज्ञान शिकत आले, आईनं कधी विचारलं नाही की तू नेमकं शिकतेस काय. ही आल्यावर महिन्याभरात आई ओट्याशी उभी राहून सहलग्नतेवर बोलायला लागली. दोन जनुकं एकाच गुणसूत्रावर जवळजवळ असली की पुढच्या पिढीत बहुधा जोडीनंच जातात, हा आमच्या परीक्षेचा मोठा प्रश्न. आई हिच्या केसांना तेल लावत होती आणि ही पाठीमागे न बघता सांगत होती, "काकू, जत्रेत दोघी बहिणी हात धरून चालतात की नाही? जितक्या चिपकून चालतील तितक्या हरवायच्या कमी. मधात गर्दी घुसली की मग एक इकडे, एक तिकडे."

"अच्छा, म्हणजे दूरदूर असल्या की सुटून जातात," आई म्हणाली.

"बस! काकू, तुम्ही पास."

मी समोर बसून तेच प्रकरण वाचत होते. माझ्या केसांना आईनं तेल लावून किती वर्षं झाली, ते आठवायला लागले आणि ओळ चुकले.

तिला माणसं बघण्याचा नाद होता. बघणं म्हणजे आपण बघतो तसं नाही. ऑटोवाल्याला ती भाडं ठरवायच्या आधी म्हणायची, "भैया, ज़रा जीभ गोल करके दिखाओ." आश्चर्य म्हणजे ऑटोवाले करून दाखवायचे. जीभ गुंडाळता येणं न येणं हे पुस्तकात वाटतं तितकं सरळ आनुवंशिक नाही, हे आम्हाला शिकवलं होतं. मी तिला तसं सांगितलंही. "माहीत आहे न," ती म्हणाली, "पण त्यांचा चेहरा किती मस्त होते ते करताना!" माझ्या चुलतबहिणीच्या साखरपुड्यात तिनं नवऱ्या मुलाच्या आईच्या कानाच्या पाळ्या चिकटलेल्या की सुट्या ते हात लावून तपासलं. मी लाजेनं पाणी व्हायची तेवढी राहिले. त्या बाई मात्र पूर्ण संध्याकाळ तिला शेजारी बसवून आपल्या माहेरच्या सगळ्यांच्या कानांबद्दल सांगत होत्या.

आमच्या मामाचा प्रकार तर मी विसरूच शकत नाही. मामा दर आठवड्याला बाजारातून येताना आमच्यासाठी टोमॅटो आणायचा आणि त्यातले निम्मे कच्चे असायचे. आई काही न बोलता त्यांची चटणी करायची. मामा धांदरट आहे, बाजार करणं त्याला जमत नाही, हे घरात ठरून गेलेलं होतं. हिनं पहिल्याच भेटीत पिशवीतून दोन टोमॅटो काढले आणि त्याच्यापुढे धरले.

"मामाजी, यातला कोणता पिकला?"

मामानं दोन्ही दाबून पाहिले. मग हिरव्याकडे बोट दाखवलं. "हा जरा नरम लागतो."

"दाबून नाही, पाहून सांगा."

मामानं हसून दोन्ही टोमॅटो परत पिशवीत ठेवले. मग म्हणाला, "पाहून नाही सांगता येत मला, बेटा. लहानपणापासूनच."

पन्नाशीच्या माणसानं हे पहिल्यांदा सांगितलं, आणि सांगितलं ते माझ्या कॉटशेजारच्या कॉटवर झोपणाऱ्या मुलीला. आई चमच्यासकट दारात उभी. "आपल्या मामांना पण असंच होतं रे," ती पुटपुटली. लाल-हिरवा न ओळखण्याचा हा दोष बहुधा पुरुषांत दिसतो आणि बायकांकडून पुढे जातो, हे मी वर्गात फळ्यावर काढून दाखवलं होतं, शाबासकी घेतली होती. आणि मी लहानपणापासून त्या माणसानं आणलेले हिरवे टोमॅटो खात होते.

आता मॅडमबद्दल सांगायला हवं, कारण माझा खरा जीव मॅडमच्या कपाटात अडकला होता.

मॅडम म्हणजे आमच्या प्राध्यापिका. आमच्यासारख्याच, पिढ्यान्‌पिढ्या इथे राहिलेल्या मराठी घरातल्या. वर्गात हिंदी बोलायच्या. मराठीत आल्या म्हणजे एक तर फार रागावल्या किंवा फार खूश झाल्या असं समजायचं. विभागातल्या बियाण्याच्या खोलीत त्यांचं एक हिरवं लोखंडी कपाट होतं आणि त्यात त्यांनी जन्मभर सांभाळलेले मटाराचे वाण होते. गोल दाण्याचे, सुरकुतलेल्या दाण्याचे, उंच, बुटके, जांभळ्या फुलांचे. दर हिवाळ्यात थोडं थोडं पेरून त्यांचं बी ताजं ठेवायचं, एकात दुसरं मिसळू द्यायचं नाही, हे काम त्या स्वतः करायच्या. त्या आमच्याबरोबरच विभाग सोडणार होत्या, निवृत्त होऊन. जाताना संशोधनाची एक जागा त्या आमच्या वर्गातल्या एकाला देणार आणि जागेबरोबर कपाटही, हे सगळ्यांना माहीत होतं. मला ते हवं होतं. नोकरीसाठी नाही, पीएच.डी.साठीही नाही. ती किल्ली मॅडमच्या हातून माझ्या हातात यावी, आणि त्यांनी माझ्याशी मराठीत बोलावं, एवढंच मला हवं होतं. दोन वर्षं मी त्यांच्या डब्यांवरच्या चिठ्ठ्या नव्यानं लिहून दिल्या, वाफ्यात त्यांच्यामागे छत्री घेऊन उभी राहिले. त्या माझ्याशी हिंदीतच बोलल्या.

हिच्याशी त्या पहिल्या वर्षाच्या हिवाळ्यातच मराठीत बोलल्या. आम्ही वाफ्यात संकर करत होतो. मटाराची कळी उमलायच्या आधी चिमट्यानं उघडायची, आतले पुंकेसर काढून टाकायचे आणि दुसऱ्या झाडाचे पराग लावायचे, असं ते नाजूक काम. माझ्याकडे नवा चिमटा होता. तिनं आपल्या बांगडीतली सेफ्टी पिन काढली आणि कळीशी बोलत बोलत काम केलं, "थांब गं राणी, झालंच." माझ्या निम्म्या कळ्या गळून पडल्या. तिच्या जवळजवळ सगळ्या धरल्या. मॅडम वाकून बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "कुठं शिकलीस गं हे?"

"कुठंच नाही, मॅडम. अशीच करून राहिली."

अशीच! मी त्या 'अशीच'वर कितीतरी दिवस दात खाल्ले.

त्या संकराची झाडं शेवटच्या वर्षी वाढली, त्यांना शेंगा लागल्या. त्या शेंगांतले दाणे वाळवायचे आणि त्यांत गोल किती, सुरकुतलेले किती ते मोजायचं, हा आमचा प्रोजेक्ट. तीन गोलांमागे एक सुरकुतलेला, म्हणजे तीनास एक यायला हवं. दाणा हिरवा असताना गोल कोणता आणि सुरकुतणारा कोणता ते कळत नाही, वाळल्यावरच कळतं. मी माझ्या शेंगा विभागातच मलमलच्या पिशव्यांत, चिठ्ठ्या लावून वाळायला टांगल्या. ती आपल्या शेंगा टोपलीत भरून घरी घेऊन आली आणि आमच्या गच्चीवर ठेवून दिल्या. "तुमच्या गच्चीचं ऊन चांगलं आहे," म्हणे.

जबलपूरच्या घरात जानेवारीत टोपलीभर मटार दिसला तर बाई काय करेल? विचारायचं काही कारणच नाही. या दिवसांत गल्लीतल्या प्रत्येक ओसरीवर बायका शेंगा सोलत बसलेल्या असतात. रविवारी सकाळी आई गच्चीवर कपडे वाळत घालायला गेली, टोपली बघितली, बाबांनी आणली असेल असं समजली आणि तिनं शेंगा सोलून दाणे करंज्यांच्या सारणासाठी उकडायला टाकले.

मी स्वयंपाकघरात गेले तेव्हा पातेल्यात दाणे वर-खाली होत होते आणि टोपली रिकामी होती. मला एका क्षणात सगळं कळलं, आणि त्या क्षणी मला जे वाटलं ते बरं वाटलं. अगदी पोटातून बरं वाटलं. आईला मी सांगितलं तेव्हा ती मटकन खाली बसली. "पोरीचं वर्ष गेलं माझ्या हातून," म्हणून डोळ्याला पदर लावला. बाबा गॅस बंद करून उगाचच पातेल्यात डोकावत उभे राहिले.

ती आंघोळ करून आली, केस टॉवेलात. ऐकलं. पातेल्यात पाहिलं. मी तिच्या चेहऱ्याकडे अशी बघत होते की जणू माझाच निकाल लागणार आहे. तिनं एक दाणा उचलला, फुंकर मारून तोंडात टाकला.

"मीठ टाकलं का, काकू?"

"नाही गं बाई, अजून नाही."

"चलो, मग काही नाही गेलं." तिनं दुसरा दाणा खाल्ला, मग तिसरा. आणि एकदम डोळे मोठे केले. "हा गोड आहे! हा सुरकुतणारा होता. सुरकुतणाऱ्यात साखर जास्त असते न! बाकीचे पिठूळ लागून राहिले. काका, चमचा द्या. सगळे खाऊन पाहू."

मग आमच्या डायनिंग टेबलावर जे झालं ते कुठल्याही विद्यापीठात झालं नसेल. ती डोळे मिटून एकेक दाणा खायची आणि सांगायची, गोड किंवा पिठूळ. प्रत्येक दाण्यानंतर पाण्याची चूळ. तिची जीभ थकली की बाबा खायचे, आणि तिनं आधी अर्धा खाऊन ठेवलेल्या दाण्यांवर बाबांची परीक्षा व्हायची. माझे बाबा, ज्यांना मेंडेल हा क्रिकेटवाला वाटायचा, ते गालात दाणा धरून, छताकडे बघत म्हणायचे, "थांबा, घाई नको... पिठूळ." आईचं रडू केव्हाच थांबलं होतं, ती चुळीसाठी तांब्यानं पाणी पुरवत होती. रेघा ओढायचं काम माझ्याकडे आलं. गोडाला उजवीकडे रेघ, पिठूळाला डावीकडे. माझ्या शत्रूचा प्रोजेक्ट माझ्या हातानं लिहिला जात होता. दोन-चार रेघा इकडच्या तिकडे कराव्यात असं मनात येऊन गेलं. केल्या नाहीत. मोजणी चुकवणं मला जमतच नाही, हाच तर माझा रोग.

जेवणाची वेळ टळून गेली तेव्हा मी बेरीज केली. तीनास एकच्या इतकं जवळ आलं होतं की मी बेरीज पुन्हा करून पाहिली. बाबांनी टेबलावर थाप मारली. आईनं तिची दृष्ट काढली. माझी, पहिली येणाऱ्या मुलीची, कधी कुणी दृष्ट काढली नव्हती.

तोंडी परीक्षेला बाहेरून आलेले परीक्षक कडक होते. माझा प्रोजेक्ट त्यांनी उघडला. दाणे वाळवलेले, फोटो काढलेले, प्रमाण जिथल्या तिथे. "ठीक है, अच्छा है," म्हणाले आणि मिटला. चांगल्या कामात विचारण्यासारखं काही नसतं. मग तिचा उघडला आणि पद्धतीच्या पानावर थांबले. तिथे तिनं सरळ लिहिलं होतं की बियाणं चुकून उकडलं गेलं, म्हणून चाखून मोजलं.

"ये क्या मज़ाक है?"

"सर, आप चखकर देखिए न," म्हणत तिनं पिशवीतून स्टीलचा डबा काढला. मॅडमच्या कपाटातले शुद्ध गोल आणि शुद्ध सुरकुतलेल्या वाणांचे मूठ-मूठ दाणे उकडून दोन कप्प्यांत आणले होते. मॅडमनीच दिले होते. त्या कपाटातला एक दाणा खाली पडला तर मी गुडघ्यावर बसून शोधून परत ठेवायची, आणि हिला त्यांनी खायला मूठभर दिले होते! परीक्षकांनी मॅडमकडे पाहिलं. मॅडम खिडकीबाहेर बघत होत्या, पण त्यांचे खांदे हलत होते. परीक्षकांनी एक दाणा खाल्ला, दुसरा खाल्ला, मग चश्मा काढून ठेवला आणि डबा संपेपर्यंत खात राहिले. दाराच्या फटीतून हे सगळं पाहिलेल्या मुलांनी संध्याकाळपर्यंत आमच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर दुसरा विषय येऊ दिला नाही.

लेखी परीक्षेच्या आधीचे आठवडे मी खोलीबाहेर पडले नाही. ती बाबांबरोबर सकाळी पोहे-जिलबी आणायला जायची, दुपारी घोरायची. पुस्तकाचं शेवटचं पान तिनं पेपरच्या दिवशी सकाळी फाडलं आणि रिकामं कव्हर आईच्या हातात दिलं. त्या पेपरात मोठा प्रश्न आला, आईकडून मुलात उतरणाऱ्या दोषाची वंशावळ काढा. मी पाठ केलेलं, रक्त न गोठण्याच्या रोगाचं पुस्तकातलं राजघराणं काढलं, पिढ्या न चुकता. बाहेर आल्यावर ती नाचतच आली. "अगं, मी तुझं घरच काढून दिलं! मामाजी, काकू, त्यांचे मामा, सगळे! तू पण आहेस एका कोपऱ्यात, प्रश्नचिन्ह लावून, दोष तुझ्यातून पुढे जाईल का म्हणून!"

माझं स्वतःचं घर. ते माझ्या लक्षातही आलं नव्हतं.

निकालात पहिली मीच आले, ती चौथी. मॅडमनी मला बियाण्याच्या खोलीत बोलावलं. कपाट उघडं होतं. प्रत्येक खणात काय आहे ते त्यांनी दाखवलं, मला ते सगळं पाठ होतं तरी मी नव्यानं ऐकलं. मग किल्ली माझ्या तळहातावर ठेवली आणि मराठीत म्हणाल्या, "सांभाळशील तू. मला काळजी नाही." मी वाकून नमस्कार केला. माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि सहज, कपाटाचं दार लोटता लोटता म्हणाल्या, "तिलाही विचारलं होतं हं मी. ते चाखण्याचं ऐकलं न, तेव्हाच. ती नको म्हणाली. मग म्हटलं, चलो, तू आहेसच."

तिथून घरापर्यंत ऑटोत मी एकच विचार केला. तिनं माझ्यासाठी सोडलं. माझा जीव कुठे अडकलाय ते तिला दिसलं असणार, तिला सगळ्यांचं सगळं दिसतं. म्हणजे आता मला जन्मभर तिचं ऋणी राहावं लागणार, आणि तेही मी राहीन, असं मी नेपियर टाउन येईपर्यंत ठरवून टाकलं. मनात तिला मिठीसुद्धा मारून झाली.

ती जिन्यात बसून पेरू खात होती. मझौलीला परत जायची पिशवी भरून शेजारी ठेवलेली.

"मॅडमनी तुला कपाटाचं विचारलं होतं?"

"कोणतं कपाट?"

"बियाण्याचं!"

"अच्छा, ते! हो, विचारलं होतं न."

"आणि तू नको म्हणालीस? माझ्यासाठी?"

"तुझ्यासाठी?" तिला खरंच कळलं नाही. "तुझ्यासाठी काहून गं? मला नाही जमत बा ते डब्या पुसत बसणं. मी तर घरी जाऊन शेतात मटर लावणार आहे."

"मग मला सांगितलंस काहून नाही? इतके महिने?" माझा आवाज चढला होता. आतून आईनं काय झालं म्हणून विचारलं.

तिनं पेरूचा घास गिळला, डोळे बारीक करून जरा आठवून पाहिलं. "सांगतलं नाही का मी? विसरली असेन गं."

मग उरलेला अर्धा पेरू माझ्यापुढे धरला.

आज ते कपाट माझ्या ताब्यात आहे आणि एकही वाण मी मिसळू दिलेला नाही. तिनं त्याग केला असता तर मी तिला केव्हाच माफ केलं असतं. पण मी ज्यासाठी दोन वर्षं जळले ते तिला जानेवारीतच मिळत होतं, आणि घरी येईपर्यंत ती ते विसरून गेली होती.